हिरामावशी आणि न झालेली उलटी

हिरामावशी गेल्याचं मला आमच्या सर्जनसरांनी फोनवर सांगितलं, तेही दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनांची यादी देता देता. "एक हर्निया, दोन पित्ताशयं. आणि हो, रोह्याला रिकव्हरीत बसायला कुणीतरी शोधावं लागेल. मावशी गेल्या. काल दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. वाचत होते ते पुस्तक मांडीवर उघडंच होतं. त्याच पानावर तासभर गेला. वाईट वाटलं, पण नंतर. आधी आला तो वैताग. या बाईशी अकरा वर्षं माझा एकच वाद चालला होता, आणि तो मी जिंकले त्या दिवसापासून मला धड बरं वाटलेलं नाही.

मी भूलतज्ज्ञ आहे. राहते पेणला. सरांचं एक छोटं रुग्णालय पेणला आहे आणि दुसरं रोह्याला. आठवड्यातले तीन दिवस मी इथे भूल देते आणि तीन दिवस नागोठण्यावरून भिसे खिंड ओलांडून तिथे. रोह्याला ऑपरेशन झालेल्या रुग्णाला शुद्ध येईपर्यंत ज्या खोलीत ठेवतात ती दोन खाटांची, एका खिडकीची. ती खोली हिरामावशीची होती. कागदोपत्री ती आया. पण त्या खोलीत सरसुद्धा "येऊ का" अशा चेहऱ्याने शिरायचे.

ठेंगणी, काटक बाई. साडी घोट्याच्या वर खोचलेली, दात मिश्रीने काळे. रोज सकाळी खांब गावाहून मिनिडोर रिक्षाने यायची आणि आल्या आल्या मॉनिटरचा आवाज बारीक करायची. मी आले की तो मोठा करायची. मी गेले की पुन्हा बारीक. "त्ये कोकलत ऱ्हातंय, मला मानसाचा आवाज येत नाय," असं तिचं म्हणणं. ती रुग्णाच्या छातीवर पालथा हात ठेवून बसायची. जेवायला उठायची नाही. डबा डाव्या हाताने खायची, उजवा छातीवर. तोंडाने रुग्णाचं नाव चाललेलं, आणि तेही कागदावरचं नाही. आत नेण्याआधी ती नातेवाइकांना विचारून घ्यायची, "हिला घरात काय म्हन्ता?" फॉर्मवर सुवर्णा असली आणि घरी सोनी असली, तर "सोने, ए सोने, उठ गो, म्हशी सुटल्यात" असं सुरू व्हायचं. "कागदावरचं नाव झोपेत कलत नाय, मॅडम." चारचौघांत मी मॅडम होते. दोघीच असलो की "गो बाय."

एकदा कोलाडकडचा एक माणूस हर्नियाच्या ऑपरेशननंतर तिच्या हाताखाली होता. वीज गेली, मॉनिटर काळा पडला. मी हात धूत होते. आतून तिचा आवाज आला, घाई नाही, ओरडणं नाही: "मॅडम, ह्याची छाती खाली गेली ती वर आली नाय." मी धावले, जबडा वर उचलला, जीभ मागे पडली होती ती सुटली, माणसाने श्वास घेतला. मोजून काही क्षणांचा खेळ. तिने न उठता विचारलं, "आता काय म्हनतंय तुझं मशीन?"

म्हणजे बाई उत्तम होती. यातच सगळा घोळ होता.

कारण हिरामावशीचा एक ठाम सिद्धांत होता. भूल पोटात बसते. उलटीतून ती बाहेर पडली की माणूस सुटला. 'सुटला' हा तिचा शेवटचा शब्द. उलटी झाल्याशिवाय ती कुणाला वॉर्डात सोडायला राजी नसायची. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईकही हेच मानणारे. मी घाम पुसत दाराबाहेर यावं, "ऑपरेशन व्यवस्थित झालं" असं सांगावं, आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघत विचारावं, "मावशी, उलटी झाली काय?" आतून "झाली, झाली, सुटली" असं आलं की मगच बाकावरची माणसं चहाला उठायची.

माझी नोकरीच मुळी उलटी होऊ न देण्याची. हे साधं वाटतं, पण ऑपरेशननंतरची मळमळ ही लोकांना टाक्यांच्या दुखण्याइतकीच, कधी त्याहून जास्त नकोशी असते. ताण पडून टाके उसवू शकतात. अर्धवट शुद्धीत उलटी झाली तर ती श्वासनळीत जाऊ शकते. ती का होते, याचं एक मोठं उत्तर सेरोटोनिन नावाच्या रसायनात आहे. लोक त्याला मेंदूतलं, मन प्रसन्न ठेवणारं म्हणून ओळखतात. खरं तर शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्याच्या अस्तरात असतं. भुलीचा वायू, वेदनेवरची कडक औषधं, ऑपरेशनात आतड्याला झालेली हाताळणी, यांनी ते तिथल्या पेशींतून सुटतं आणि जवळच्या मज्जातंतूच्या टोकांवर जाऊन बसतं. तो मज्जातंतू निरोप घेऊन मेंदूच्या तळाशी जातो, आणि तिथून हुकूम सुटतो. ऑन्डान्सेट्रॉन हे आमचं नेहमीचं इंजेक्शन एवढंच करतं की सेरोटोनिनची बसायची जागा आधीच अडवून ठेवतं. ऑपरेशन संपत आलं की मी ते देते. सगळ्यांना उपयोग होतो असं नाही, कारण उलटीचे रस्ते आणखीही आहेत. पण बऱ्याच जणांना होतो.

पेणला होत होता. रोह्याला नाही.

हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं आणि पुढची दोन वर्षं त्यात वाया गेली. तीच मी, तेच इंजेक्शन, तेच सर. पेणला, जवळच्या जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या बाया पित्ताशयाचं ऑपरेशन करून संध्याकाळी पेज पिऊन बसायच्या. रोह्याला तशाच बाया तासाभरात उलटीने हैराण. मी औषधाची कंपनी बदलली. फ्रिज तपासला. इंजेक्शन आधी देऊन पाहिलं, नंतर देऊन पाहिलं. काही माणसांचं यकृत हे औषध फार झपाट्याने मोडून टाकतं असं वाचलं, आणि रोह्याच्या कुंडलिका नदीकाठच्या लोकांत तसं काही आहे की काय यावर मी रात्री जागून टिपणं काढली. आज ती टिपणं बघितली की स्वतःचीच लाज वाटते.

एवढं वाचलंच आहे तर मावशीला समजावावं, असंही मला वाटलं. पावसाळ्यात काम कमी असताना एका दुपारी मी तिला सगळं नीट सांगितलं. आतडं, रसायन, मज्जातंतू, मेंदू. तिने डबा बाजूला ठेवून ऐकलं.

"म्हंजे पोट वर निरोप धाडतंय."

"हो."

"आन तू निरोप्याला उंबऱ्यावरच आडवतेस."

"अगदी बरोबर."

"मंग पोटाचं काय म्हननं व्हतं, ता वरच्याला कलनार कसं?"

मी म्हटलं, पोटाला काही म्हणायचं नसतं, तो उगीचचा निरोप असतो. ती हसली. "उगीचचा निरोप मी तरी कंदी बगितला नाय. कुनी येवढं चालत येतं ता उगीच?" आणि डब्यातला वालाच्या बिरड्याचा घास तिने माझ्यापुढे केला. वाद संपला की ती खायला द्यायची. मी हरले असा त्याचा अर्थ.

पुढच्याच आठवड्यात मी चष्मा विसरले म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आले. रिकव्हरीचं दार लोटलेलं होतं. आत एका बाईचं डोकं मावशीने आपल्या मांडीवर कुशीला वळवून घेतलं होतं. एका हातात कोमट मिठाच्या पाण्याची वाटी, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांना स्वच्छ गॉज गुंडाळलेला. "काढ गो, बेबे, काढ. काढलंस का सुटशील. मी हाय ना." बाईने काढलं. मावशीने तिचं तोंड पुसलं, केस मागे सारले आणि वर बघितलं तर दारात मी.

मी कुणावर ओरडत नाही. त्या दिवशीही ओरडले नाही. एवढंच विचारलं, "सगळ्यांना असं करतेस?"

"सगल्यांना नाय. ज्यांना आपसूक येत नाय त्यांनाच." आणि मग, मला धीर द्यावा तशी: "तुझ्या इंजेक्शनानं आडकून बसतात गो. मंग मला मोकलं करावं लागतं."

दोन वर्षं. कंपन्या, फ्रिज, यकृत. मी खिंडीतून इंजेक्शन आणत होते आणि ही ते वाटीभर मिठाच्या पाण्याने उतरवत होती. वर त्यातल्या कुणाच्या घशात ते पाणी चुकीच्या वाटेने गेलं नाही ते निव्वळ नशीब आणि तिचं ते कुशीवर वळवणं.

मी सरांना सांगितलं. सर आधी हसले, मग गंभीर झाले, मग चिडून म्हणाले, "तुम्हीच समजवा. तिला काढलं तर त्या खोलीत छातीवर हात ठेवून कोण बसणार आहे? तुम्ही?" सर चिडले की बरोबर बोलतात, हा त्यांचा दोष आहे.

मावशीने माझ्या गळ्याची शपथ घेतली की पाणी देणार नाही, बोटं घालणार नाही. ती तिने पाळली. रोह्याच्या उलट्या महिनाभरात पेणइतक्या कमी झाल्या. पण त्यानंतर उलटी न झालेल्या प्रत्येक रुग्णापाशी ती भांडं घेऊन उभी राहायची आणि दर थोड्या वेळाने मायेने विचारायची, "मळमळतंय काय?" इतक्या प्रेमाने कुणी विचारलं तर धडधाकट माणसालाही मळमळेल. मी भांडं कपाटात ठेवायचे. ते परत खाटेखाली यायचं. असं आणखी काही वर्षं.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. उजवीकडे, बरगडीखाली, जेवणानंतर. मला दिसत होतं, सरांना दिसत होतं, तिलाही कळत होतं. पित्ताशयात खडे. एकदा ताप येऊन डोळे पिवळे झाले तेव्हा सर म्हणाले, आता थांबलं तर पुढच्या वेळी वाचवता येईलच असं नाही. ती ऑपरेशनला तयार नव्हती. तिचा नवरा नव्हता, मुलगा कंपनीत शिफ्टला; कुणाचं ऐकायची नाही. महिनाभराने मला बाजूला घेऊन म्हणाली, "करीन. पन ता तुझं इंजेक्शन मला द्यायचं नाय."

मी म्हटलं, मावशी, दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात हवा भरतात, त्यात बाईमाणूस, तुला उलटी होण्याची शक्यता खूप आहे.

"व्हायलाच पायजे."

"का पण?"

तेव्हा तिने यमुनेचं सांगितलं. यमुना तिची धाकटी बहीण. दोन मुलांनंतर कुठल्याशा शिबिरात तिचं मुलं बंद करायचं ऑपरेशन झालं. शाळेच्या वर्गात सतरंजीवर आठ-दहा बाया ओळीने निजवल्या होत्या. हिरामावशी सोबत गेली होती. बाकीच्या बाया ओकत होत्या, रडत होत्या, पाणी मागत होत्या. ती एकेकीचं बघत होती. यमुना मात्र शांत निजली होती. "मी म्हटलं, बरी झोप लागलीय पोरीला. हिला तरास नाय." तासाभराने पांघरूण नीट करायला गेली तर हात गार लागला. "वकल्या त्या सगल्या आपापल्या घरी गेल्या, गो बाय. ही एकटी वकली नाय."

भुलीचा अंश, मागे पडलेली जीभ, सगळं मला दिसत होतं. पण मी फक्त वचन दिलं: ते इंजेक्शन देणार नाही. सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तिला काय कळणार आहे? देऊन टाका." मी दिलं नाही. एवढंच केलं की भुलीचा वायू टाळला आणि पूर्ण भूल शिरेतून दिली, कारण त्याने उलट्या कमी होतात. ते वचनात नव्हतं. तरी आज मला ती चोरीच वाटते.

ऑपरेशन छान झालं. तिला तिच्याच खोलीत आणलं. तिने डोळे उघडले, आणि मळमळ अजिबात नाही. कदाचित शिरेतल्या भुलीमुळे. कदाचित मिश्रीमुळे, तीही तंबाखूच; सिगारेट ओढणाऱ्यांना असा त्रास कमी होतो असं आढळलं आहे, मिश्रीचं कुणी पाहिलंय की नाही मला माहीत नाही. किंवा कशामुळेच नाही. शक्यता म्हणजे शक्यता; ती कुणाला बांधील नसते.

"आली नाय," ती म्हणाली.

"येईल किंवा नाही येणार. तू बरी आहेस."

"बोटं घाल."

"टाके आहेत मावशी. नाही घालणार."

"मंग हितं बस. उठू नको. नाव घे माझं."

"हिरामावशी."

"ता नाय. घरातलं. चिंगी."

माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई. मी स्टूल ओढून तिच्या छातीवर हात ठेवला आणि दुपारभर "चिंगे, ए चिंगे" म्हणत बसले. पेणचे फोन येत होते, मी घेतले नाहीत. तिचे डोळे टक्क उघडे. झोप आली की दचकून स्वतःच जागी व्हायची आणि विचारायची, "हाय काय मी?" मी म्हणायचे, "आहेस." आयुष्यात इतक्या माणसांना मी झोपवलं, पण मरायची वाट बघणाऱ्या माणसाशेजारी मी तशी पहिल्यांदाच बसले होते, आणि ते माणूस ठणठणीत होतं. उन्हं उतरली तेव्हा तिने चहा मागितला. तो पोटात राहिला. तिने कप परत दिला आणि माझ्याकडे संशयाने बघितलं.

"दिलंस तू इंजेक्शन."

"नाही दिलं."

"लपून दिलंस."

पंधरा दिवसांत ती कामावर आली, आणि तिथून पुढे हेच. "खरं सांग, दिलं व्हतंस ना?" येता-जाता, नर्सेससमोर, एकदा तर रुग्णासमोर. मी वचन पाळलं होतं, त्यासाठी सरांची बोलणी खाल्ली होती, आणि ही गावभर सांगत होती की मॅडमनी गुपचूप सुई मारली. माझ्या शांत स्वभावाला एक कड आहे. ती एके दिवशी संपली. संध्याकाळ होती. मी गाडीकडे निघाले होते, ती रिक्षा थांब्याकडे. तिने पुन्हा विचारलं.

मी थांबले. म्हटलं, "समज, दिलं. समज, नाही दिलं. काहीही धर. तुला उलटी झाली नाही ना?"

"नाय झाली."

"आणि तू जिवंत आहेस ना?"

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मग संपलं. उलटीचा आणि वाचण्याचा काही संबंध नाही. तूच पुरावा आहेस."

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तिला हरवलं होतं. मला तेव्हा आनंद झाला, हे लिहून ठेवते. ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"मंग यमी का गेली?"

जिंकण्याचा वेग अजून माझ्यात होता. मी सांगायला लागले. भूल जास्त झाली की जीभ मागे पडते, श्वास अडतो, वरून माणूस शांत झोपल्यासारखं दिसतं, म्हणून तर सतत कुणीतरी जवळ बसून... आणि मी थांबले. फार उशिरा थांबले.

"मी व्हते ना जवल," ती म्हणाली.

मी म्हटलं, मावशी, तुला कसं कळणार होतं, तू तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांची, ते काम तिथल्या लोकांचं होतं. सगळं खरं. ती ऐकत होती, मान हलवत होती, पण शब्द कुठे बसत नव्हते. खांबकडे जाणारी मिनिडोर आली. मागच्या बाकावर दोन बाया होत्या, त्यांनी सरकून जागा केली. मावशी चढली, पिशवी मांडीवर घेतली, आणि मग बाहेर वाकून, दुसऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "बाकीच्यांचं तू म्हन्तेस तसं. आता नाय कुनाला भांडं दावनार. पन यमी उलटी नाय झाली म्हून गेली. तेवढं ऱ्हाऊ दे, गो बाय."

"राहू दे," मी म्हटलं.

ड्रायव्हरने आणखी एकाला आत कोंबलं. तिचा चेहरा त्या माणसाच्या खांद्यामागे गेला, आणि रिक्षा कोलाडच्या रस्त्याला लागली. दुसऱ्या दिवशी पेणची यादी होती, मग रविवार, मग सरांचा फोन.